टायनी म्हणजे केवढा?

गेल्या महिन्यात आईची सोनोग्राफी केली. घाटकोपरला स्टेशनच्या जवळच एक सेंटर आहे, खाली मेडिकल आणि बाजूच्या अरुंद जिन्याने वर गेलं की एसी लावलेली खोली. सकाळपासून पाणी पिऊन पिऊन आईचं पोट टम्म भरलेलं, त्यात नंबर लागायला सव्वा तास, ती बिचारी बाकावर पाय जुळवून पदर मुठीत धरून बसलेली आणि दर पाच मिनिटांनी माझ्याकडे बघून फक्त "अजून किती गं?" एवढंच विचारायची. सगळं झाल्यावर रिपोर्ट हातात आला, मी उभ्या उभ्या वाचला, घाबरण्यासारखं काही नाही असं वाटलं आणि पाकीट पर्समध्ये टाकलं. रिक्षा हायवेला लागल्यावर आईने ते मागून घेतलं. आई सातवी शिकलेली, शाळा साताऱ्याकडची, पण इंग्रजी अक्षरं जुळवून वाचते ती, बसच्या पाट्या, औषधांची नावं, लाइटबिल असं वाचत वाचतच ते तिला यायला लागलं. चष्मा लावून, रिक्षाच्या हादऱ्यात कागद गुडघ्यावर दाबून धरून ती एकेक ओळ बघत होती आणि मग तिने दोन ठिकाणी बोट ठेवलं. डाव्या किडनीच्या ओळीत 'टायनी' होतं. लिव्हरच्या ओळीत 'स्मॉल' होतं.

"यातलं लहान कुठलं?"

मी म्हटलं, आई, दोन्ही लहानच. तर म्हणाली, "ते कळलं गं मला. पण दोन वेगळे शब्द लिहिलेत म्हणजे काहीतरी फरक असणारच ना. टायनी म्हणजे केवढा?" मी म्हटलं, अगं अगदी बारीक, काही काळजी करू नकोस. तिने कागदाची होती तशी घडी घातली, पाकिटात ठेवला, चष्मा काढला आणि विक्रोळी येईपर्यंत बाहेर बघत बसली. ही तिची गप्प बसायची पद्धत मला चांगली माहितीये. तिला उत्तर मिळालेलं नसतं आणि परत विचारायचं पण नसतं, कारण समोरच्याला त्रास नको. मला दिवसभर ते टोचत राहिलं. कारण शब्दांचंच काम करते मी, गेली अठरा वर्षं इंग्रजीचं मराठी करून पोट भरतेय, आणि माझ्या आईने मला आयुष्यात पहिल्यांदा माझ्या कामातला एक प्रश्न विचारला तर मी तिला तीच दोन वाक्यं दिली जी कुठल्याही काउंटरवरचा माणूस देतो.

'लहान' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांशी तर माझी रोजची गाठ. जाहिराती, पॅकिंगवरचा मजकूर, ब्रोशर, आणि मुंबईत ब्रोशर म्हणजे मुख्यतः फ्लॅट. तिथे 'स्मॉल' हा शब्द चालतच नाही. २९० चौरस फुटांचं घर असलं तरी ते 'कॉम्पॅक्ट' असतं, 'कोझी' असतं, 'स्मार्ट' असतं. मला सुरुवातीला ही निव्वळ फसवाफसवी वाटायची, आता एवढं सरळ नाही वाटत. कॉम्पॅक्टचं मराठी करायला बसलं की 'आटोपशीर' येतो, 'सुटसुटीत' येतो, आणि हे शब्द आपल्याकडे आधीपासून आहेत, कुठल्या बिल्डरने नाही आणलेले. माझी आजी तिच्या शिवणाच्या पेटीला आटोपशीर म्हणायची. म्हणजे आहे लहान, पण सगळं बसलंय, काही बाहेर सांडत नाहीये, बाईच्या हातात मावतंय. आणि 'टुमदार'! टुमदार घराला इंग्रजीत काय म्हणणार, 'लव्हली लिटल हाऊस' म्हणावं लागेल, तिथे 'लव्हली स्मॉल हाऊस' म्हटलं तर व्याकरणात काही चुकत नाही पण कानाला खडा लागतो. का लागतो ते मला कित्येक वर्षं नीट सांगता यायचं नाही. आता थोडंफार येतं. स्मॉल म्हणताना माणूस लांब उभा राहून टेप लावतो, लिटल म्हणताना तो त्या वस्तूच्या जवळ गेलेला असतो, त्याला तिच्याबद्दल काहीतरी वाटत असतं. चांगलंच वाटत असेल असं नाही हां, लिटलमध्ये तुच्छता पण तेवढीच चांगली मावते.

हे मला पहिल्यांदा कळलं ते सातवीत, इंग्रजीच्या तासाला. 'माय फॅमिली' वर दहा ओळी लिहायच्या होत्या आणि मी लिहिलं, आय हॅव अ स्मॉल ब्रदर. छोटा भाऊ म्हणजे स्मॉल ब्रदर, त्यात काय चुकलं? बाईंनी लाल पेनाने स्मॉलला गोल केला आणि वर 'लिटल' लिहिलं, आणि मला जवळ बोलावून म्हणाल्या, स्मॉल ब्रदर म्हटलं तर तो अंगाने लहान आहे असं होतं, तुझा भाऊ बुटका आहे का? मी म्हटलं नाही. मग तो तुझ्यापेक्षा धाकटा आहे ना, मग लिटल. मी जागेवर येऊन बसले आणि मला वाटलं की अरे, आपल्याकडे तर 'धाकटा' आहेच की, फक्त वयाने लहान असणाऱ्यासाठी वेगळा शब्द, आणि मी तो सोडून छोटा घेतला आणि तो पण इंग्रजीत उलथा केला. नंतर मीच पुढच्या बाकावरच्या मुलीला सांगितलं होतं की लिटलला स्मॉलसारखं पायरीपायरीने नाही चढवायचं, स्मॉल-स्मॉलर-स्मॉलेस्ट होतं, लिटलर लिटलेस्ट सहसा कोणी म्हणत नाही. बाईंनी वर्गात तेवढंच सांगितलं होतं. पण मला ते पुरेसं होतं, एक शब्द मोजता येतो आणि दुसरा मोजता येत नाही हे मनात बसून गेलं.

त्याच वर्षी एक मैत्रीण घरी आली होती. आम्ही तेव्हा नायगावला बीडीडी चाळीत राहायचो. १९२० च्या दशकात बांधलेल्या त्या चाळी, तळमजला आणि वर तीन मजले, एका चाळीत ८० खोल्या, मजल्यावर २०, मधून लांबलचक पॅसेज आणि शेवटी सामाईक संडास. खोली १६० चौरस फुटांची. त्यात आम्ही चौघं, आजी, आणि बहुतेक वेळा गावाहून नोकरी शोधायला आलेला कोणी ना कोणी काका. मोरीला पडदा, पडद्याच्या वर फळी, फळीवर पत्र्याच्या ट्रंका, ट्रंकेवर गणपतीची मखरं, आणि रात्री सगळ्यांच्या गाद्या पसरल्या की उंबऱ्यापासून मोरीपर्यंत जायला पाय ठेवायला जागा नसायची, कोणाच्या तरी हातावर पाय पडायचाच, आणि तो झोपेतच हात आवरून घ्यायचा. पण मला शपथेवर आठवत नाही की आमच्या घरात कोणी कधी त्या खोलीला लहान म्हटलं. 'जागा नाही' म्हणायचे, 'सरक' म्हणायचे, 'वर टाक' म्हणायचे. लहान म्हणायला शेजारी मोठं काहीतरी लागतं, आणि शेजारी पण १६०च होते, त्याच्या शेजारी पण. तर ती मैत्रीण आली, हिंदू कॉलनीतली, चांगली मुलगी होती, आईने तिला पोहे दिले, तिने दोनदा मागून खाल्ले, आणि निघताना दारात चप्पल घालता घालता अगदी प्रेमाने म्हणाली, "किती छोटंसं आहे ना गं तुमचं घर."

त्या 'सं'ने माझं काय झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही. 'छोटं' म्हणाली असती तर मी विसरले असते. तिने ते गोड करून म्हटलं, बाहुलीच्या घराला म्हणतात तसं, आणि त्या गोडपणात ती माझ्यापासून एकदम लांब गेली. रात्री मी गादीवर पडून छताकडे बघत होते आणि पहिल्यांदा भिंती जवळ आल्यासारख्या वाटल्या. तिचा काही दोष नव्हता. आता त्या चाळी पाडून टॉवर उभे राहतायत आणि १६०च्या जागी ५०० चौरस फूट मिळणार म्हणून लोक आनंदात आहेत, असायलाच पाहिजेत, मी पण आहे त्यांच्यासाठी. तरी कोणी नवीन घराचा फोटो पाठवला आणि खाली 'छोटंसं घर' असं लिहिलं की माझा अंगठा थांबतो. स्वतःच्या घराला स्वतः छोटंसं म्हणणं वेगळं आणि दुसऱ्याने म्हणणं वेगळं.

असो. मी टायनीबद्दल सांगत होते.

रिपोर्टच्या दिवशी रात्री आई झोपल्यावर मी तो कागद परत काढला. शब्द होते 'टायनी कॅल्क्युलस', खाली आकडा, ४ मिलिमीटर. मुतखडा. आता कॅल्क्युलस म्हटलं की आपल्याला बारावीचं गणित आठवतं, इंटिग्रेशन, डेरिव्हेटिव्ह, त्या पेपरची पोटात येणारी कळ. आणि हा तोच शब्द आहे. लॅटिनमध्ये कॅल्क्युलस म्हणजे खडा, लहानसा दगड. रोमन लोक हिशोब करायला खडे वापरायचे, त्या खड्यांवरून कॅल्क्युलेट करणं आलं, कॅल्क्युलेटर आला, आणि किडनीतला तो पण कॅल्क्युलसच राहिला. त्यातही गंमत म्हणजे मूळ शब्द 'कॅल्क्स', आणि त्याला जे 'युलस' जोडलंय ते लहानपणाचं शेपूट आहे. आपण ताटाची ताटली करतो, सुपाची सुपली करतो, टोपल्याची टोपली, डब्याची डबी, तसंच. म्हणजे डॉक्टरने 'टायनी कॅल्क्युलस' लिहिलं तेव्हा लहान दोनदा लिहिलं गेलं, एक उघड आणि एक शब्दाच्या पोटात. आणि आपल्याकडे तर नुसतं 'खडा' म्हटलं तरी झालं. आपण दगडाला आकाराप्रमाणे नावंच वेगळी दिलीत, शिळा, धोंडा, दगड, गोटा, खडा, कच. तांदळात लागतो तो खडा, नदीत पाय ठेवतो तो गोटा, रागाने उचलतो तो दगड, आणि कपाळावर मारून घ्यायचा तो धोंडा. 'मुतखडा' म्हणणाऱ्याने हे सगळं तोलून खडा घेतलाय. इंग्रजी बोलणारा 'किडनी स्टोन' म्हणतो आणि मग त्याला बिचाऱ्याला पुढे टायनी लावायला लागतं, नाहीतर पेशंटच्या डोळ्यासमोर धोंडा येईल.

मला ही शेपटं फार आवडतात. लॅटिनमध्ये 'मस्क्युलस' म्हणजे छोटा उंदीर, त्याच्यावरून मसल आला, दंड वाकवला की कातडीखाली काहीतरी पळाल्यासारखं दिसतं म्हणून. आणि आपण मुलांना काय म्हणतो? "बेडकुळी काढून दाखव." चिमुकला बेडूक! तिकडच्याला उंदीर दिसला, इकडच्याला बेडूक, पण दोघांनाही काहीतरी लहान आणि जिवंतच दिसलं आणि दोघांनीही त्याला लाडाचं शेपूट लावलं. माझा भाऊ सहा वर्षांचा असताना चाळीच्या पॅसेजमध्ये उघडा उभा राहून येणाऱ्या जाणाऱ्याला बेडकुळी दाखवायचा, दंड म्हणजे नुसता उदबत्तीच्या काडीसारखा, आणि समोरचे काका न चुकता बोटाने दाबून "बाप रे, केवढी कडक!" म्हणायचे.

आणि एक उलटी गोष्ट. 'मिनिएचर', ज्याच्यावरून आपण मिनी घेतलं, मिनी बस, मिनी इडली, मिनी फ्रिज, तो शब्द मुळात लहानाबद्दल नाहीचये. तो 'मिनियम'वरून आला, आणि मिनियम म्हणजे शेंदूर. जुन्या हस्तलिखितांमध्ये शेंदराने अक्षरं आणि चित्रं काढायचे, ती चित्रं आकाराने लहान असायची, आणि हळूहळू लोकांना वाटायला लागलं की शब्दाचा अर्थच लहान असा आहे, 'मायनर'सारखा आवाज असल्यामुळे ते पटलं पण. हे मी वाचलं तेव्हा मला आमच्या चाळीच्या कोपऱ्यावरचा मारुती दिसला. शनिवारी पोरं तेलात शेंदूर कालवून त्याला लावायची, थरावर थर, वर्षानुवर्षं, इतका की नाकडोळे बुजून गेले होते आणि मूर्ती आहे त्यापेक्षा दुप्पट झाली होती. जो शेंदूर तिकडे लहान झाला तो आमच्याकडे मारुतीला मोठा करत होता.

'स्मॉल'चंही तसंच काहीसं. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ अरुंद, सडपातळ असा होता. जर्मन भाषेत त्याचा भाऊ अजून आहे, 'श्माल', आणि तो अजूनही अरुंदच आहे. पाठीचा कंबरेजवळ निमुळता होत जाणारा भाग असतो त्याला इंग्रजीत अजून 'स्मॉल ऑफ द बॅक' म्हणतात, तिथे तो जुना अर्थ राहून गेलाय. म्हणजे स्मॉल हा मूळचा आपला 'बारीक' आहे! आणि बारीक हा तर आईचा सगळ्यात लाडका शब्द. कांदा बारीक चीर. गॅस बारीक कर. टीव्ही बारीक कर, डोकं दुखतंय. ही किती बारीक झाली गं लग्नानंतर. अक्षर बारीक आहे, दिसत नाही. बारीक नजर आहे तिची, जपून बोल. इंग्रजीत यातल्या प्रत्येकाला वेगळा शब्द हुडकावा लागेल, फाइन, लो, थिन, स्मॉल, शार्प, आणि आईचं एका बारीकमध्ये सगळं भागतं. आणि मी तिला रिक्षात हाच शब्द दिला होता, "अगदी बारीक". मग तिचं समाधान का झालं नाही?

दुसऱ्या दिवशी भाऊ फोनवर होता. त्याच्या ओळखीचे एक डॉक्टर आहेत, त्यांना त्याने रिपोर्टचा फोटो पाठवला होता आणि त्यांनी इंग्रजीत मेसेज केला होता, तो त्याने स्पीकरवर वाचून दाखवला. 'देअर इज लिटल टु वरी अबाउट.' मी हुश्श केलं. आई भाजी निवडत होती ती तशीच थांबली. फोन ठेवल्यावर म्हणाली, "लिटल म्हणजे थोडं ना? मग थोडी का होईना, आहे ना काळजी." आणि मी तोंड उघडलं आणि लक्षात आलं की तिचं काही चुकलेलं नाहीये, लिटल म्हणजे थोडंच. 'अ लिटल टु वरी अबाउट' असतं तर थोडी काळजी आहे असं झालं असतं. तो सुरुवातीचा 'अ' नाही म्हणून काळजी करण्यासारखं जवळजवळ काही नाही असं झालं. एक अक्षर, तेही असं की बोलताना पटकन तोंडात विरघळून जातं, आणि त्याच्यावर माझ्या आईची अख्खी रात्र अवलंबून.

आता हे तिला कसं सांगायचं? मी विचार करत ओट्याशी उभी राहिले आणि मग नायगावचा नळ आठवला. सकाळी पाणी जायची वेळ झाली की पॅसेजच्या टोकाला नळावरची बाई ओरडून सांगायची. "थोडं पाणी आहे" असं ओरडली तर आई हंडा घेऊन धावायची. "थोडंच पाणी आहे" असं ओरडली तर हंडा खाली ठेवून द्यायची. मी तिला म्हटलं, आई, डॉक्टरने 'थोडीच काळजी' असं लिहिलंय, 'थोडी काळजी' असं नाही. ती म्हणाली, "म्हणजे नळ गेला." मी म्हटलं हो. तिला चटकन कळलं. इंग्रजी पुढे एक अक्षर लावून जे करतं ते आपण मागे 'च' लावून करतो, आणि ते सुद्धा बरोबर उलट, त्यांचं अक्षर आलं की थोडंसं आहे, आपलं अक्षर आलं की जवळपास नाहीच. मी भाषेच्या कामात इतकी वर्षं काढली पण ही जोडी मला चाळीतल्या नळाने दाखवली, आणि ती पण आईला समजवायची वेळ आली म्हणून.

ऑफिसमध्ये हे सगळं डोक्यात घोळत असायचं. एका तयार कपड्यांच्या कॅटलॉगचं काम चालू होतं, त्यात 'पेटीट' असा साइझचा प्रकार, म्हणजे उंचीने कमी असलेल्या बायकांसाठी बेतलेले कपडे. मराठीत काय लिहावं? ठेंगणी, बुटकी हे तर शक्यच नाही, कोण बाई विकत घेईल. 'नाजूक' लिहिलं तर मापाचं काही कळत नाही. आणि समोरच्या टेबलावर आमची पेटी कॅशची वही पडलेली. तो 'पेटी' आणि हा 'पेटीट' एकाच घरचे, फ्रेंचमध्ये 'पती' म्हणजे लहान, त्याच्यातून एक सुंदर बाईच्या अंगाला लागला आणि दुसरा चहा-बिस्किटांच्या खर्चाला. मी म्हटलं आपल्याकडे असं एका शब्दात दोन्ही मिळेल का, आणि मिळालं की. किरकोळ! किरकोळ खर्च, आणि किरकोळ अंगाची बाई. माझी आई किरकोळ अंगाची आहे. गावाकडे तिच्याबद्दल बोलताना असंच म्हणतात, "किरकोळ दिसते पण दोन हंडे डोक्यावर आणि एक कंबरेवर." कॅटलॉगमध्ये अर्थातच मी ते लिहिलं नाही. 'कमी उंचीसाठी' असं सरळ लिहून दिलं. पण घरी येताना ट्रेनमध्ये चौथ्या सीटवर अर्धी टेकून, बाजूच्या बाईला "थोडंसं आत" म्हणता म्हणता मला आईचा तो सोनोग्राफीच्या बाकावरचा पाय जुळवून बसलेला आकार दिसत होता, आणि तिच्यात कुठेतरी एक ४ मिलिमीटरचा खडा, आणि मला वाटलं की किरकोळ माणसाच्या आत किरकोळ गोष्ट पण मोठीच असणार ना. तिने विचारलं होतं "केवढा". मी उत्तर दिलं "कसा".

तीच तर चूक होती. बारीक, लहान, टायनी, हे सगळे 'कसा'चे शब्द आहेत. ते बोलणाऱ्याच्या बाजूचे असतात, मला काळजी वाटत नाही हे ते सांगतात. आईच्या बाजूने बघायचं तर तिच्या शरीरात काहीतरी आहे जे तिला दिसत नाही, आणि तिला ते तळहातावर घेऊन बघायचंय. तिने आयुष्यभर तसंच मोजलंय. मीठ चिमूटभर, हिंग हरभऱ्याएवढा, चिंच लिंबाएवढी, कोथिंबीर मूठभर, कापड वीतभर, आणि माझ्या भावाच्या जन्माच्या वेळची गोष्ट सांगताना "एवढुस्सं होतं, सुपात मावलं असतं" म्हणून ती दोन्ही हात पुढे करून अजून ते सूप धरते.

रविवारी ती ज्वारी निवडत होती. गावाहून पोतं येतं दरवर्षी, बहीण पाठवते तिची. बाल्कनीच्या दारात ऊन येतं तिथे परात घेऊन बसलेली, बोटांनी दाणे पुढे ढकलत ढकलत, मध्येच एखादा खडा उचलून बाजूला टाकत. मी कंपासपेटीतली मुलाची पट्टी आणली आणि तिच्यासमोर बसले. परातीतला एक दाणा उचलला, पट्टीवर ठेवला. कमी भरला. दुसरा घेतला, जरा टपोरा. चार रेघा. तो तिच्या तळहातावर ठेवला.

"एवढा."

तिने हात उन्हात नेला. चष्मा वर करून, डोळे बारीक करून बघितलं, मग दुसऱ्या हाताच्या बोटाने दाणा इकडून तिकडे फिरवला, चिमटीत धरून दाबून पाहिला. "टायनी म्हणजे एवढा?" हो, डॉक्टर म्हणाले की पाणी भरपूर प्यायलीस तर आपला आपण पडून जाईल बहुतेक. "मग मला तेव्हाच ज्वारीएवढा म्हणून सांगायचंस की." मी काही बोलले नाही. दाणा तिने परातीत टाकला नाही, मांडीवरच्या पदराच्या चुणीत ठेवला.

मग म्हणाली, "आणि ते दुसरं? लिव्हरमधलं स्मॉल?"

याची मला भीती होती. रिपोर्टमध्ये 'स्मॉल सिंपल सिस्ट' असं होतं आणि सिस्टचं मराठी सगळे 'गाठ' करतात. डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं की आत नुसतं पाणी असतं, ती काही करत नाही, अनेकांना असते आणि कळत पण नाही. पण गाठ म्हटलं की आईला नायगावची शेजारीण आठवणार, टाटाला फेऱ्या मारून मारून गेलेली, आणि पुढे कितीही लहान, छोटी, साधी लावलं तरी त्या शब्दाला काही होणार नाही. म्हणून मी आठवडाभर लिव्हरचा विषयच काढला नव्हता. आता मी पट्टीवर १८ मिलिमीटर दाखवले आणि म्हटलं, एवढं आहे, आत फक्त पाणी आहे, फुग्यात असतं तसं, काही त्रास देत नाही ते. तिने पट्टीवर अंगठ्याचं नख ठेवून माप घेतलं. "बोराएवढं झालं की हे. म्हणजे स्मॉल मोठं आणि टायनी लहान." हो. "आत पाणी?" हो, पाणीच. ती थोडा वेळ परातीत बोटं फिरवत राहिली.

"पुटकुळी आहे म्हण ना मग," ती म्हणाली, आणि एक खडा उचलून बाहेर टाकला.